कुलपाआडचे तीन पावसाळे

नौपाडा, चरई, पाचपाखाडी या जुन्या ठाण्याच्या भागांत एकही इमारत हिरव्या जाळीआड गेलेली नाही, अशी गल्ली आज सापडणे कठीण आहे. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत आणि त्यांत राहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच सत्तरीच्या आसपासचे आहेत. पर्यायी जागेचे भाडे, दलाली, सामान हलवण्याचा खर्च या कलमांवर संस्थेच्या सभांमध्ये तासन्‌तास चर्चा होते. मात्र चाळीस वर्षांच्या संसारात साठलेले सामान पुढची अडीच-तीन वर्षे नेमके कुठे आणि कोणत्या स्थितीत राहणार आहे, याचा विचार बहुधा घर रिकामे करण्याच्या आदल्या महिन्यात सुरू होतो. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले. कोकणपट्टीच्या हवेत कागद, कापड आणि लाकूड टिकवण्यासाठी काय करावे लागते, हे त्या नोकरीने शिकवले. जागेची, कराराची आणि विम्याची माहिती मी इंटरनेटवरून मिळवली. आमच्या आणि शेजारच्या संस्थांमधील अनेकांनी हे सगळे विचारले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी कागदावर एक हिशेब मांडावा. समजा, सामान ठेवण्याच्या खोलीचे भाडे दरमहा ३,००० रुपये आहे. छत्तीस महिन्यांचे १,०८,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कराचे १९,४४० रुपये धरले की रक्कम १,२७,४४० रुपयांवर जाते, आणि यात सामान नेण्या-आणण्याचा खर्च धरलेला नाही. एवढ्या पैशांत प्लायवूडचा पलंग, भुशाच्या फळ्यांचे संगणकाचे टेबल आणि सनमायका निघालेले कपाट नव्याने घेऊन वर रक्कम शिल्लक राहील. असे फर्निचर दमट हवेत फुगते, आणि एकदा सुटे केले की त्याचे स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाहीत, त्यामुळे ते साठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कापसाच्या गाद्यांचेही तेच. त्या ओल धरतात, खोलीतील अर्धी जागा अडवतात, आणि कापूस पिंजून नवी गादी भरून घेणे त्यापेक्षा सोपे पडते. याउलट सागवानी कपाट, आजीच्या काळातला तांब्याचा बंब आणि घंगाळ, हार्मोनियम, पुस्तके, पैठण्या या वस्तू एकदा गेल्या की पुन्हा मिळत नाहीत. भाडे भरायचे ते त्यांच्यासाठी. पुस्तके ग्रंथालयाला देण्याचा विचार असेल तर आधी यादी करून पाठवावी. पुस्तकांनी भरलेली पोती दारात आणून ठेवली, तर कोणत्याही ग्रंथपालाला ती स्वीकारणे अवघड जाते, हे मी अनुभवाने सांगते.

ठाणे, भिवंडी आणि नवी मुंबईतील तुर्भे-महापे पट्ट्यात घरगुती सामानासाठी साधारण दोन प्रकारच्या जागा मिळतात. एका प्रकारात आपल्याला स्वतंत्र खोली मिळते, तिला आपले स्वतःचे कुलूप लागते आणि ठरलेल्या वेळांत आपण केव्हाही जाऊ शकतो. यालाच सेल्फ-स्टोरेज म्हणतात. दुसऱ्या प्रकारात कंपनीची माणसे घरी येऊन सामान बांधतात, खोक्यांवर क्रमांक घालून ती मोठ्या गोदामात रचून ठेवतात, आणि एखादी वस्तू हवी असल्यास आधी कळवावे लागते. दुसरा प्रकार स्वस्त पडतो, परंतु अधूनमधून जाऊन सामान पाहायचे असेल तर पहिलाच योग्य. तीन वर्षांसाठी सामान ठेवणाऱ्याने ते पाहायला गेलेच पाहिजे.

चोरीची भीती सगळ्यांनाच वाटते. प्रत्यक्षात कुलूपबंद सामानाचे सर्वाधिक नुकसान ओलीने होते. ठाण्यात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. बुरशी वाढायला ६५ ते ७० टक्के आर्द्रता पुरते, म्हणूनच ग्रंथसाठ्याच्या दालनात ती ५० टक्क्यांच्या जवळपास ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. राहत्या घरात आपण नकळत सामानाची देखभाल करत असतो: पंखा फिरत असतो, खिडक्या उघड्या असतात, कपाटाचे दार रोज उघडते, सादळलेली वस्तू हाताला लगेच कळते आणि पावसाने उघडीप दिली की गाद्या-उशांना ऊन दाखवले जाते. कुलूपबंद खोलीत यातले काहीच घडत नाही. हवा हलत नाही, काँक्रीटची जमीन खालून ओल ओढते आणि भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटाची पाठ महिनोन्‌महिने दमट राहते. पत्र्याच्या छपराच्या गोदामात आणखी एक गोष्ट होते. दिवसा तापलेली दमट हवा रात्री थंड झालेल्या पत्र्याला लागते, तिचे पाणी होते आणि ते थेंब खालच्या खोक्यांवर पडत राहतात. छप्पर कुठेही गळत नसताना सामान भिजल्याच्या तक्रारी येतात, त्यांमागे अनेकदा हेच कारण असते.

आमच्या गल्लीतील एका कुटुंबाचे सामान अशाच एका गोदामात होते. लग्नकार्यासाठी काही वस्तू हव्या होत्या, म्हणून भर पावसाळ्यात ती खोकी उघडायची ठरली आणि पुस्तकांचे काय करायचे ते पाहण्यासाठी त्यांनी मला सोबत नेले. खोकी बाहेरून कोरडी दिसत होती, चिकटपट्टीही जशीच्या तशी होती. उचलायला गेल्यावर मात्र पुठ्ठ्याचा तळ बोटांना मऊ लागला. झाकण उघडताच कुबट वासाचा भपकारा आला. कापडी बांधणीच्या पुस्तकांवर पांढरट-हिरव्या बुरशीची ठिपक्या-ठिपक्यांची चादर पसरली होती, आणि गुळगुळीत कागदावर छापलेल्या चित्रमय पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटून त्यांची जणू वीट झाली होती. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्याला लावलेला रबर बँड विरघळून वरच्या पाकिटावर तपकिरी रेघ उमटली होती. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवलेली होती, त्यामुळे ती सुखरूप असेल असा सगळ्यांचा समज होता. पिशवी उघडली तेव्हा डांबराच्या गोळ्या पदराच्या जरीला टेकून राहिल्याचे दिसले, आणि जेथे त्या टेकल्या होत्या तेथे मोराची जर काळवंडली होती. गोदामचालकाने करारातील एका ओळीवर बोट ठेवले: ओल, बुरशी आणि कीड यांमुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी आमच्यावर नाही. ती ओळ करारात खरोखरच होती आणि तिच्याखाली सही झालेली होती.

जागा निवडताना म्हणूनच मी पावसाला केंद्रस्थानी ठेवले. इमारत पक्क्या स्लॅबची हवी, पत्र्याची नको. तळमजला पाणी साचण्यामुळे धोक्याचा आणि सर्वांत वरचा मजला गच्ची गळण्यामुळे; मधला मजला सर्वांत चांगला, मात्र तेथे सामानाची लिफ्ट असली पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि ठाणे-भिवंडी परिसरालाही त्या पुराचा मोठा तडाखा बसला होता. कामवारी नदीकाठचे भिवंडीतील सखल भाग तर आजही मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. तेव्हा खाडी किंवा नदी किती जवळ आहे, हे नकाशावर पाहिल्याशिवाय कोणत्याही गोदामाचे दरपत्रक मागवू नये. प्रत्यक्ष पाहणीला गेल्यावर भिंतींना खालून पोपडे आले आहेत का, कोपऱ्यात ओलीचा डाग आहे का, अग्निशामक नळकांड्यांवरील मुदत संपलेली तर नाही ना आणि कीटकनाशक फवारणी शेवटची केव्हा झाली, हे विचारून घ्यावे. वास घ्यावा. कुबट वास येणारी जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

या पाहणीतला मोठा भाग घरबसल्या करता येतो, आणि ज्येष्ठांनी इंटरनेट का वापरावे या प्रश्नाचे एक ठोस उत्तर मला येथेच दिसते. नकाशावर गोदामाचे नाव घातले की तेथील ग्राहकांचे अभिप्राय दिसतात. त्यांतले गौरवपर अभिप्राय मी बाजूला ठेवते, कमी गुण देणारे आधी वाचते, आणि त्यांतही जुलै ते सप्टेंबरमध्ये लिहिलेले शोधून काढते. जानेवारीत सामान ठेवून ‘सेवा उत्तम’ असे लिहिणाऱ्याचे समाधान खरे असेलही, परंतु त्याच्या सामानाने अजून पावसाळा पाहिलेला नसतो. दुसरी तपासणी वस्तू व सेवा कराच्या सरकारी संकेतस्थळावर होते. व्यावसायिकाने दिलेला पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक तेथे घातला की नोंदणीकृत नाव, नोंदणीची तारीख, व्यवसायाचा पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालेली आहे, हे सर्व विनामूल्य दिसते. महाराष्ट्रातील नोंदणी असेल तर हा क्रमांक २७ ने सुरू होतो. नामांकित वाहतूक कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन काम करणारे लोक पुष्कळ आहेत. कमी दर सांगून सामान ट्रकमध्ये भरायचे आणि वाटेत जास्त रक्कम मागून ते अडवून धरायचे, ही त्यांची ठरलेली रीत आहे. क्रमांक मागितल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्या हाती घर सोपवू नये.

आता बांधाबांधीविषयी. ठाण्याच्या हवेत डिसेंबर ते मार्च हे महिने तुलनेने कोरडे असतात आणि शक्य असेल तर पुस्तके, कपडे व लाकडी सामान याच काळात बांधावे. जुलैत बांधलेल्या हवाबंद पिशवीत जुलैची ओलही बंद होते. खोलीत लाकडी पॅलेट टाकून सामान जमिनीपासून वीतभर उंच ठेवावे आणि भिंतीपासून हात शिरेल एवढी जागा मोकळी सोडावी. फर्निचरला चिकट प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळण्याची आता पद्धत पडली आहे. वाहतुकीत ओरखडे टाळण्यासाठी ते ठीक, पण खोलीत सामान लागल्यावर त्या काढून जुनी सुती चादर घालावी, कारण प्लास्टिकखाली अडकलेल्या दमटपणाने पॉलिश पांढरे पडते. सागवानी कपाटाची चौकट दणकट असली तरी तिची पाठ बऱ्याचदा साध्या प्लायची असते. वाळवी आणि भुंगा तेथून शिरतो, म्हणून बांधण्यापूर्वी पाठीला आणि पायांना औषध मारून ते पूर्ण वाळू द्यावे.

पुस्तकांबाबत मी थोडे अधिक बोलेन, कारण चुकीच्या सल्ल्यांनी पुस्तकांचे फार नुकसान होते. वर्तमानपत्रात पुस्तके गुंडाळू नयेत. तो कागद आम्लयुक्त असतो आणि त्याची शाईही उतरते. साधा खाकी कागद पुरेसा आहे. खोकी लहान घ्यावीत, पुस्तके आडवी रचावीत, आणि मोठी पुस्तके तळाशी ठेवावीत. टाचण्या, क्लिपा आणि रबर बँड काढून टाकावेत. वेखंडाच्या कांड्या सुती पुरचुंडीत बांधून खोक्यात टाकण्याची आपल्याकडची जुनी पद्धत मी आजही पाळते. कसर लागू नये म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आत जाणारे प्रत्येक पुस्तक कोरडे आणि झटकलेले असणे, कारण कीड बऱ्याचदा घरातूनच सोबत जाते. छायाचित्रांचे आल्बम असतील तर ते साठवूच नयेत. आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्यावे, आणि मूळ आल्बम भाड्याच्या घरात, माणसांच्या सोबत, पंख्याच्या वाऱ्यात राहू द्यावेत.

रेशमी साड्या धुतलेल्या जुन्या मलमलच्या किंवा सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवाव्यात, जरीला डांबरगोळी टेकू देऊ नये, आणि दर भेटीत घडी बदलावी, नाहीतर घडीच्या रेषेवर रेशीम चिरते. बंद ट्रंकेत सिलिका जेलची पाकिटे उपयोगी पडतात. त्यांतले दाणे रंग बदलणारे घ्यावेत: केशरी दाणे ओल शोषून हिरवे होतात आणि गरम करून वाळवले की पुन्हा वापरता येतात. बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त पाणी ओढतात, परंतु ते पाणी डब्याच्या तळाशी साठते आणि पावसाळ्यात डबा लवकर भरतो. कोणी बदलणार नसेल तर तो ठेवू नये. यांपैकी कशानेही अख्खे गोदाम कोरडे होत नाही, हे मात्र लक्षात घ्यावे. पितळेची आणि तांब्याची भांडी चिंचेने किंवा पितांबरीने घासून झाली की आंबट अंश राहू नये म्हणून भरपूर पाण्याने धुवावीत, उन्हात पूर्ण वाळवावीत आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळावीत. हार्मोनियमचा भाता बंद करून, पट्टी लावून, पेटी तिच्या खोक्यात उभी न ठेवता सपाट ठेवावी, आणि तिच्यावर काहीही रचू नये.

यंत्रांचे थोडक्यात सांगते. फ्रिज रिकामा करून, पुसून, वाळवून ठेवावा आणि दाराला बोटभर फट राहील अशी घडी अडकवावी. वॉशिंग मशीनच्या नळीतले पाणी काढून झाकण उघडे ठेवावे. वातानुकूलन यंत्र उतरवताना जाणकाराकडून त्यातला वायू बाहेरच्या भागात बंद करून घ्यावा. घड्याळे, रिमोट, रक्तदाबमापक यांतील बॅटऱ्या काढाव्यात, कारण त्या फुटून आतले भाग गंजतात. इन्व्हर्टरची बॅटरी आणि गॅसचे सिलिंडर गोदामात ठेवता येत नाहीत. सिलिंडर आणि रेग्युलेटर गॅस एजन्सीकडे जमा करून रीतसर पावती घ्यावी, ती पुढे नवी जोडणी घेताना लागते. धान्याचा एक दाणाही खोक्यात राहू नये, नाहीतर उंदरांना आमंत्रण मिळते.

दागिने, भागप्रमाणपत्र, पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार, मृत्युपत्र या गोष्टी गोदामात ठेवणे पूर्णपणे चुकीचे आहे. त्यांची जागा बँकेच्या लॉकरमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. गोदामाच्या बाबतीत अशी ठरावीक मर्यादा नियमाने घालून दिलेली नाही, तेथे करारात जे लिहिले असेल ते महत्त्वाचे. आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे डिजिलॉकर या सरकारी ऑनलाइन कागदपत्र-पेटीमध्ये संबंधित खात्याकडून थेट आलेली असतील तर ती मूळ कागदपत्रांसारखीच ग्राह्य धरली जातात. आपण स्वतः छायाचित्र काढून तेथे चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही. हा फरक माहीत नसल्याने अनेकांनी मूळ कागद निष्काळजीपणे खोक्यांत भरलेले मी पाहिले आहेत.

प्रत्येक खोक्याला क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकापुढे आतल्या वस्तूंची यादी, हे ग्रंथालयातल्या दाखल-नोंदवहीसारखेच काम आहे. ते मी मोबाइलवरील तक्त्यात केले. खोके बंद करण्यापूर्वी आतले एक छायाचित्र, बंद केल्यावर क्रमांकासह एक, फर्निचरची चारही बाजूंनी, आणि आधीपासून असलेल्या ओरखड्यांची जवळून. महाग वस्तूंची बिले असतील तर त्यांचीही छायाचित्रे त्याच फोल्डरमध्ये ठेवली. हा तक्ता परगावी राहणाऱ्या मुलांना पाहता येतो, त्यामुळे ‘आजीची परात कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही देता येते. आणि पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली, तर तारखेसह असलेली ही छायाचित्रे हाच आपला पुरावा ठरतो. मराठीत टंकलेखन जमत नाही म्हणून कोणी थांबू नये. कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून बोलले की मराठी अक्षरे आपोआप उमटतात आणि थोडे शुद्धलेखन सुधारले की काम होते. आमच्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांची सगळी यादी अशी बोलून लिहिली.

ज्येष्ठ लोक इंटरनेटवर नातवंडांशी बोलायला आणि सकाळचे सुविचार पुढे पाठवायला येतात, असा समज सर्वत्र आहे. नातवंडांशी बोलणे हा आनंद आहेच. परंतु घर हलवण्याच्या या काळात मी माझ्या वयाच्या लोकांना जे करताना पाहिले, त्यामागचे कारण निराळे होते. ज्यांचे गुडघे तीन मजले चढू देत नाहीत, त्यांना पाच गोदामांचे उंबरे झिजवणे शक्य नसते. ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना कराराची बारीक अक्षरे कागदावर वाचता येत नाहीत, पण पडद्यावर दोन बोटांनी मोठी करून वाचता येतात. आणि ज्यांची मुले दूर आहेत, त्यांना प्रत्येक निर्णयासाठी कुणाच्या तरी सवडीची वाट पाहणे नकोसे वाटते. आपल्या सामानाचे काय करायचे हे आपण ठरवायचे, या हक्कासाठी ते इंटरनेट शिकत होते. निवृत्तिवेतनधारकांचे उदाहरण घ्या. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि २०१४ साली सुरू झालेल्या जीवन प्रमाण व्यवस्थेमुळे तो आता मोबाइलसमोर चेहरा धरून घरातूनच देता येतो. पत्ता बदललेला असताना, निम्म्या फायली खोक्यांत असताना, ही सोय किती मोलाची आहे हे पुनर्विकासात गेलेल्या माणसालाच समजते. मुलांनी आई-वडिलांसाठी सगळे अर्ज स्वतः भरून देण्यापेक्षा शेजारी बसून त्यांना एकदा भरू द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वेळ लागतो, पण पुढच्या वेळी हाक मारावी लागत नाही.

फसवणुकीची भीतीही खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. नको असलेले फर्निचर ऑनलाइन विकायला काढले की काही वेळातच ‘घेणारा’ भेटतो, वस्तू न पाहता किंमत मान्य करतो आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. एवढे एक वाक्य प्रत्येक ज्येष्ठाने पाठ करावे. गोदामाची किंवा ट्रकची पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नकार द्यावा, समाजमाध्यमावरील अनोळखी दुव्यावरून कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये, आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता अधिक.

करार वाचताना तीन ठिकाणी थांबावे. पहिले, जबाबदारीचे कलम. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने, सर्वसाधारण शहाणा माणूस अशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची घेईल, तितकी काळजी घेतली पाहिजे. सेल्फ-स्टोरेज चालवणारे मात्र करारात बहुधा असे लिहितात की, आम्ही फक्त जागा वापरायला देतो, माल आमच्या ताब्यात नाही. त्यामुळे छप्पर गळणे, नळ फुटणे आणि कीड यांविषयी त्यांची जबाबदारी काय, हे सही करण्यापूर्वी लिहून मागावे. दुसरे, विमा. सामान नेताना काढलेला वाहतुकीचा विमा ट्रकमधून सामान उतरले की संपतो. भारत गृह रक्षा या १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या प्रमाणित गृहविम्यात घरातील सामानालाही संरक्षण असते, परंतु ते विमापत्रात नोंदलेल्या पत्त्यावरच्या सामानाला. गोदामातील सामानासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि त्यातही पूर व आग यांचा समावेश असला तरी हळूहळू होणारी ओल, बुरशी, वाळवी बहुतेक विम्यांत वगळलेली असते. तिसरे, भाडे थकल्यास सामानाचे काय होईल आणि दरवर्षी भाडे किती वाढेल. वाद झालाच तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, ती ऑनलाइन दाखल करता येते, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो.

सामान ठेवल्यानंतरच्या भेटींचे वेळापत्रक पावसावरून ठरवावे: एक भेट मेअखेरीस, एक जुलैत एखाद्या मोठ्या पावसानंतर, आणि एक ऑक्टोबरमध्ये, जेव्हा खोकी उघडून कपड्यांना आणि पुस्तकांना हवा देता येते. खोलीत काही शे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा. कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवणारा असेल तर आपण नसताना तेथे काय घडले, हे पुढच्या भेटीत कळते. कमाल आकडा वारंवार ७५ च्या वर जात असेल, तर त्याचे छायाचित्र घेऊन चालकाला लेखी कळवावे आणि खोली बदलून मागावी. तोंडी तक्रार करू नये, ईमेल करावा.

आणखी एक गोष्ट आमच्या वयात विसरून चालणार नाही. करारात आपल्याशिवाय आणखी एका व्यक्तीचे नाव अधिकृत म्हणून घालून घ्यावे आणि त्या व्यक्तीला कुलपाची दुसरी किल्ली, यादीच्या तक्त्याचा दुवा व भाडे कोणत्या खात्यातून जाते याची माहिती द्यावी. अनेक ठिकाणी प्रवेशासाठी नोंदवलेल्या मोबाइलवरच ओटीपी येतो. भाडेकरू रुग्णालयात असेल किंवा हयात नसेल, तर वारसांकडे ओळखपत्रे, दाखले आणि संमतिपत्रे मागितली जातात, तोवर भाडे चढत राहते. नाव घालून घेण्यासाठी एक अर्ज आणि त्या व्यक्तीच्या ओळखपत्राची प्रत पुरते. ते काम करारावर सही करतानाच उरकून घ्यावे.